श्रेयांक जमा, पण प्रवेश अडलेला

महोदय,

माझ्या बदलीमुळे आम्हाला गाव सोडावे लागले आणि रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.ची दोन वर्षे पूर्ण केलेल्या माझ्या मुलीचा तिसऱ्या वर्षाचा प्रवेश ‘समकक्षता’ (जुना अभ्यासक्रम नव्याच्या तोडीचा ठरणे) या एका शब्दापाशी अडला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सची, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट्स) ऑनलाइन जमा ठेवणाऱ्या व्यवस्थेची, नियमावली आणली आणि मुलीचे श्रेयांक तिथे रीतसर जमा दिसतात. पण ते जमा असणे वेगळे आणि नव्या विद्यापीठाने अमुक पेपरसाठी ग्राह्य धरणे वेगळे, हे खिडकीपाशी गेल्यावरच कळते.

विज्ञान शाखेत ही अडचण अधिक जाचते, कारण प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकामागे सत्रभरात प्रयोगशाळेतले सुमारे ३० तास असतात आणि तेच प्रयोग एका विद्यापीठात तिसऱ्या सत्रात, तर दुसऱ्यात पाचव्या सत्रात असू शकतात. टायट्रेशनच्या नोंदींनी भरलेली तिची प्रमाणित जर्नल्स कोणी उघडूनही पाहिली नाहीत. अभ्यासक्रमाच्या प्रतीवर मात्र पानोपानी जुन्या महाविद्यालयाचा शिक्का हवा होता, आणि त्यासाठी रेल्वेची एक फेरी झाली.

विद्यापीठांनी परस्परांशी जुळणाऱ्या विज्ञानाच्या पेपरांचा तक्ता प्रवेशापूर्वीच संकेतस्थळावर द्यावा, राहिलेला पेपर तिसऱ्या वर्षासोबत देण्याची मुभा ठेवावी आणि समकक्षतेचा अर्ज किती दिवसांत निकाली निघेल तेही जाहीर करावे. आम्हाला उत्तर मिळाले तेव्हा पाचव्या सत्राची प्रात्यक्षिके सुरू होऊन महिना उलटला होता.

– एक पालक