मधुमेहाची न सांगितली जाणारी तक्रार

महोदय,

मधुमेह डोळे, पाय आणि मूत्रपिंडे कशी पोखरतो यावर दर वर्षी 14 नोव्हेंबरच्या, म्हणजे जागतिक मधुमेह दिनाच्या, आसपास भरपूर लिहून येते. पुरुषांच्या लघवीच्या जागेला तो काय करतो हे मात्र संकोचापायी राहून जाते. शिश्नाच्या टोकाला येणारी सूज म्हणजे बॅलनायटिस. लाली, खाज, पांढरट थर, लघवी करताना आग आणि टोकावरच्या कातडीच्या कडेला बारीक चिरा ही त्याची लक्षणे. माझ्या दवाखान्यात असे रुग्ण पोटदुखीचे निमित्त काढून येत आणि कंपाउंडर बाहेर गेल्यावरच खरी तक्रार सांगत. त्यांतल्या कित्येकांना मधुमेह असल्याचे त्या खाजेमुळेच पहिल्यांदा कळले.

रक्तातली साखर फार वाढली की ती लघवीत उतरते, लघवीचे थेंब कातडीखाली अडकतात आणि त्या उबदार ओलाव्यात कॅन्डिडा नावाची बुरशी माजते. चिरा भरून येताना कातडी आवळत जाते, मग ती मागे सरकत नाही, स्वच्छता होत नाही आणि संसर्ग पुन्हा उलटतो. सुश्रुतसंहितेत या आवळलेल्या कातडीला 'निरुद्धप्रकश' असे नाव आहे, तेव्हा या विषयाची लाज आपण अलीकडेच शिकलो असावी. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या तर साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. हृदयाला आणि मूत्रपिंडांना त्या हितकारक आहेत, आणि डापाग्लिफ्लोझिन 2020 मध्ये भारतातले मूळ पेटंट संपल्यावर स्वस्तही झाले. पण या गोळ्या लिहून देताना हा त्रास संभवतो एवढे वाक्य रुग्णाला ऐकवायला हवे, म्हणजे तो घाबरून गोळी परस्पर बंद करणार नाही.

प्रत्येक रुग्णाला मधुमेहच असतो असे नाही. अस्वच्छतेइतकाच अतिस्वच्छतेचाही दोष असतो. साबण किंवा जंतुनाशक द्रावण रोज चोळून कातडी सोलवटून घेणारे मी पुष्कळ पाहिले. कंडोमच्या रबराची अॅलर्जी आणि लैंगिक संसर्ग हीही कारणे आहेत.

बुरशीचा संसर्ग असेल तर उपचार सोपा असतो: कोमट पाण्याने धुणे, कोरडे ठेवणे, एक टक्का क्लोट्रिमाझोल मलम दिवसातून दोनदा एक ते दोन आठवडे, आणि पत्नीलाही त्रास असल्यास तिच्यावर त्याच वेळी उपचार. प्रत्यक्षात मात्र रुग्ण मेडिकलमधून स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब आणतो. दोन दिवसांत खाज थांबते, तो ट्यूब बाजूला ठेवतो, आणि बुरशी मात्र तशीच राहून पुढच्या महिन्यात दुप्पट जोमाने येते. वर्षभर हेच चालले तर कातडी पातळ पडते. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमे अनुसूची एचच्या कक्षेत आणून चिठ्ठीविना विक्रीला बंदी केली, तरी काउंटरवर ती नुसत्या खुणेने मिळतात.

जखम काही आठवडे भरली नाही, गाठ लागली किंवा पांढरा डाग दिसला, तर कर्करोगाची शंका फेडण्यासाठी तज्ज्ञाकडे जावे. मागे सरकवलेली कातडी पुढे येईनाशी झाली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मधुमेह तपासणी शिबिरांच्या छापील अर्जात पायांच्या मुंग्यांबद्दल विचारतात, तिथेच या तक्रारीसाठीही एक चौकट ठेवावी. तोंडाने सांगवत नसेल, तो माणूस निदान खूण तरी करील.

— एक निवृत्त फॅमिली डॉक्टर, सातारा