प्रश्न विचारणाऱ्याचं नाव ठेकेदारापर्यंत पोचतंच कसं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माहिती अधिकारात अर्ज टाकणाऱ्या माणसाला मारहाण झाली की तुमच्याकडे बातमी येते, चांगली ठळक येते, दोन दिवस फॉलोअप पण असतो. पण त्या माणसाने अर्जात नेमकं विचारलं काय होतं आणि तो अर्ज त्याने दिलाय हे मारणाऱ्याला कुणी सांगितलं, हे त्या बातमीत बहुतेक वेळा नसतं. माझ्या मते सगळा विषय तिथेच आहे म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबलंय पण काटछाट कमी करा ही विनंती.

जागल्यांना, म्हणजे भ्रष्टाचाराची माहिती देणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा आपल्या देशात आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत राज्यसभेत पास झाला, मे महिन्यात राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो आजपर्यंत लागू केलेला नाही. लागू करायची तारीख सरकारने राजपत्रात जाहीर करायची असते, ती जाहीरच झाली नाही, एवढ्यावर सगळं अडलंय. मधे २०१५ ला त्यात दुरुस्ती आणली, ती लोकसभेत पास झाली आणि राज्यसभेत पडून राहून लॅप्स झाली. तेव्हापासून सगळीकडे सामसूम.

हा कायदा मुळात आला कशामुळे ते नवीन पिढीला माहीत नसेल. सत्येंद्र दुबे नावाचे आयआयटीत शिकलेले इंजिनिअर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात होते, बिहारमधे सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर. तिथला भ्रष्टाचार त्यांनी २००२ साली थेट पंतप्रधानांना पत्राने कळवला आणि माझं नाव गुप्त ठेवा असं त्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. नाव गुप्त राहिलं नाही, पत्र त्यांच्या नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं, आणि नोव्हेंबर २००३ मधे गयेत त्यांना गोळी घालून मारलं. त्यानंतर देशभर ओरड झाली, सुप्रीम कोर्टाने लक्ष घातलं, मग कुठे कायद्याची भाषा सुरू झाली. म्हणजे नाव फुटू नये यासाठी जो कायदा जन्माला आला तो कागदावर आहे आणि नावं मात्र रोज फुटतायत.

आपल्या महाराष्ट्राला तर या बाबतीत मान वर करायला जागा नाही. माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा आपण २००२ लाच केला होता, केंद्राच्या तीन वर्षं आधी, त्याचा अभिमान आपण सांगतो आणि तो खराच आहे. पण अर्जदारांवर सगळ्यात जास्त हल्ले झालेलं राज्यही आपलंच आहे. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या आसपासच्या जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते, जिवाला धोका आहे म्हणून पोलिसांकडे संरक्षण मागितलेलं, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना भर रस्त्यात वार करून मारलं. तपास सीबीआयकडे गेला, केस बंद करायचा रिपोर्ट आला, परत उघडली, परत तेच. २०१६ ला मुंबईत भूपेंद्र वीरा यांना घरात घुसून गोळी घातली, ते बेकायदा बांधकामांच्या मागे लागले होते. राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे, फेब्रुवारी २०२३, रिफायनरीबद्दल लिहायचे, ज्या माणसाबद्दल बातमी छापून आली त्याच्याच गाडीखाली त्याच दिवशी चिरडले गेले. आणि सरकारी अधिकारी असून सुद्धा मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे, २०११ च्या प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी मनमाडजवळ तेलाच्या भेसळीवाल्यांनी जिवंत जाळले. अधिकाऱ्याची ही गत तर तालुक्यात एकट्याने अर्ज टाकणाऱ्याची काय असेल.

आता नाव फुटतं कसं ते सांगतो कारण हे मी जवळून बघितलंय. आम्ही काही जण मिळून लोकांना अर्ज लिहून द्यायला मदत करतो. जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, हे आपल्या राज्याचे नियम. आमच्यातल्या एका शेतकऱ्याने वस्तीवरच्या रस्त्याबद्दल विचारलं होतं, अंदाजपत्रक, एमबीची म्हणजे कामाच्या मोजमाप वहीची झेरॉक्स आणि बिल कधी निघालं, बस. अर्ज आवकला दिला, पोच घेतली, एसटीने घरी पोचेपर्यंत फोन. फोन करणारा ठेकेदाराचा माणूस आणि त्याने अर्जातली ओळ न ओळ वाचून दाखवली, म्हणजे अर्जाचा फोटो त्याच्या मोबाईलवर होता. दमदाटी अशी नाही, गोडीतच, "पाव्हणं, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा की, कागद कशाला मागता, पोरगी तालुक्याला कॉलेजला असते ना तुमची." त्या रात्री त्यांच्या घरात कुणी जेवलं नाही, आणि सकाळी त्यांच्या मिसेसनीच आम्हाला फोन करून सांगितलं की अर्ज मागे घ्यायचाय. तो अर्ज मागे घेतला गेला. रस्ता जसा आहे तसाच आहे, खडी वर आलेली. कुठे तक्रार करायची? फोटो काढून पाठवणारा त्याच ऑफिसात बसतो आणि फोटो पाठवणं हा गुन्हा आहे असं कुठल्या कलमात दाखवायचं? त्याला शिक्षा होईल अशी तरतूद सध्या लागू असलेल्या कायद्यात मला तरी सापडली नाही.

खरंतर यावर उपाय अवघड नाही. कोलकाता हायकोर्टाने नोव्हेंबर २०१३ मधेच सांगितलंय की अर्जदाराला पूर्ण पत्ता द्यायची सक्ती नको, पोस्ट बॉक्स नंबर चालेल, फारच अडचण असेल तर पत्ता मागा पण तो उघड होणार नाही याची काळजी घ्या. केंद्राच्या कार्मिक विभागाने जानेवारी २०१४ मधे ते सगळीकडे कळवलं पण. आमच्याकडे खिडकीवर हे सांगितलं तर बाबू म्हणतो असं काही आमच्यापर्यंत आलेलं नाही, गाव-गल्ली सगळं लिहा नाहीतर अर्ज घेत नाही. आणि तालुक्यात पोस्ट बॉक्स घेतो कोण.

दुसरी गोष्ट, उशीर. हा नुसता गैरसोयीचा विषय आहे असं लोकांना वाटतं पण तसं नाही हो, उशीर जिवावर येतो. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचं, नाही दिलं तर पहिलं अपील, मग दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, आणि आपल्या राज्याच्या आयोगाकडे एक लाखाच्या आसपास अपिलं आणि तक्रारी तुंबलेल्या असतात, देशात सगळ्यात जास्त. म्हणजे सुनावणीला वर्ष-दोन वर्ष सहज. या सगळ्या काळात माहिती बाहेर आलेली नसते आणि ती मागणारा मात्र सगळ्यांना माहीत झालेला असतो. त्याला गप्प केलं की प्रकरण मिटतं हे समोरच्याला कळतं. तेच जर माहिती पहिल्या महिन्यात बाहेर पडली तर त्याला मारून कुणाला काय मिळणार आहे? दडवायचं काही उरतच नाही.

म्हणूनच केंद्रीय माहिती आयोगाने सप्टेंबर २०११ मधे जो ठराव केला तो मला फार महत्वाचा वाटतो. त्याआधीच्या वर्षी गुजरात हायकोर्टासमोर माहिती अधिकार कार्यकर्ते अमित जेठवा यांना गोळ्या घातल्या होत्या, २०११ च्या ऑगस्टमधे भोपाळला तशाच कार्यकर्त्या शेहला मसूद यांना. आयोगाने ठरवलं की अर्जदारावर हल्ला किंवा खून झाल्याची तक्रार आली तर त्याने मागितलेली माहिती संबंधित खात्याने स्वतःहून वेबसाईटवर टाकावी असे आदेश देता येतील. म्हणजे मारलं तर लपवलेलं सगळं चव्हाट्यावर येईल. यापेक्षा चांगलं संरक्षण बंदूकवाला पोलीस सुद्धा देऊ शकत नाही, कारण पोलीस महिनाभर असतो, नंतर बंदोबस्ताला दुसरीकडे जातो. पण तो ठराव केंद्रीय आयोगाचा, राज्यात हाच नियम पक्का करायला हवा, हल्ल्याची एफआयआर झाली की त्या माणसाचे सगळे पेंडिंग अर्ज काढा आणि आठवड्याच्या आत उत्तरं जाहीर करा.

आता एक मुद्दा मी टाळणार नाही. गावोगावी लोक म्हणतात, आरटीआयवाले म्हणजे खंडणीखोर, अर्ज टाकतात आणि पाकीट घेऊन मागे घेतात. आहेत असे लोक, मी पण ओळखतो, आणि त्यांच्यामुळे खऱ्या माणसाची बाजू लंगडी पडते. पण त्याचं औषध सुद्धा हेच आहे. प्रत्येक अर्जाचं उत्तर, अर्जदाराचं नाव काढून, ऑफिसच्या वेबसाईटवर टाका. माहिती सगळ्यांना दिसली की ब्लॅकमेल करणाऱ्याकडे विकायला काय राहिलं? आणि अर्ज मागे घेतला तरी उत्तर टाकायचंच, म्हणजे दबाव आणून पण उपयोग नाही आणि पाकीट देऊन पण नाही. कायद्याच्या कलम ४ मधे तर २००५ पासून लिहिलंय की माहिती कुणी मागायच्या आधीच जाहीर करत जा. राजस्थानने २०१९ ला जन सूचना पोर्टल काढलं, रेशन, रोजगार हमी, पेन्शन, कुणाला काय मिळालं ते गावाप्रमाणे बघता येतं, कुणाला नाव-गाव लिहून देऊन अर्ज करावा लागत नाही. आपल्याकडे २०१८ चा जीआर आहे, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ लोकांना रेकॉर्ड बघू द्यायचं म्हणून. किती ऑफिसात हे चालतं ते तुमच्या वार्ताहरांनी येत्या सोमवारी जाऊन बघावंच.

इकडे हे असं आणि तिकडे केंद्राने डेटा संरक्षणाच्या कायद्यातून माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही असं दाखवावं लागायचं, आता वैयक्तिक आहे एवढं म्हटलं की पुरतं. कलम ८(२) मधे जनहिताची वाट शिल्लक आहे, पण तिथपर्यंत पोचायला परत अपील आलं, परत तोच उशीर. अधिकाऱ्याची, लाभार्थ्याची, ठेकेदाराची प्रायव्हसी जपायला कायदा धावला, अर्जदाराच्या प्रायव्हसीसाठी कुणी एक ओळ लिहिली नाही. याचा मला मनापासून राग आहे.

आणि संस्थांचं काय ते पण सांगतो, कारण एकटा माणूस उघड्यावर पडतो, मागे संस्था असली की हात लावायच्या आधी चारदा विचार करतात. सप्टेंबर २०२० ला परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, त्यात एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला पैसे द्यायला बंदी आली, आणि ऑफिस खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. मोठ्या शहरातल्या संस्थेचं कसंतरी भागतं. पण तालुक्यातल्या छोट्या संस्थेला परदेशातून कोण थेट पैसे पाठवणार, तिला मोठ्या संस्थेकडूनच यायचे. आमच्या भागात अशीच एक होती, दोन पोरं पगारावर, वकिलाचा खर्च निघायचा, कुणाला धमकी आली की चार माणसं गाडी करून पोलीस स्टेशनला जायची. ते पैसे थांबले, आता त्यातला एक पोरगा मायक्रोफायनान्सच्या वसुलीवर आहे. आता धमकी आली की माणूस एकटाच जातो स्टेशनला आणि अर्धा दिवस बाकड्यावर बसून येतो. हिशोब कडक मागा, ऑडिट करा, त्याला कुणाचीच ना नाही, पण एका संस्थेने दुसरीला मदतच करायची नाही यात देशाची कसली सुरक्षा आली ते मला कळलेलं नाही.

त्यात जुलै २०२५ मधे आपल्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक पास केलं. बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या होत्या. समितीने काही शब्द बदलले, कडव्या डाव्या संघटनांपुरतं आहे असं सरकार सांगतं, पण बेकायदेशीर कृत्याची व्याख्या एवढी सैल ठेवलीय की रास्ता रोको करणारी, धरणग्रस्तांची, वनहक्काची कुठलीही संघटना त्यात बसवायची म्हटली तर बसेल, आणि गुन्हे अजामीनपात्र. आजचं सरकार चांगलं वापरेल असं धरून चाललो तरी कायदा उद्याच्या माणसाच्या हातात पण असणार आहे ना. आत्ताच आमच्याकडे लोक बैठकीच्या रजिस्टरवर सही करायला कचरतात.

डॉक्टरांवर हल्ले वाढले तेव्हा २०१० ला राज्याने कायदा केला, पत्रकारांसाठी २०१७ ला केला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. दोन्ही योग्यच होते. तसाच माहिती मागणाऱ्यांसाठी राज्याने करावा, केंद्राची वाट बघायची गरज नाही, आणि त्यात अर्जदाराचं नाव बाहेर फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा हे पहिलं कलम असावं. हल्ला झाल्यावरची कलमं नंतर.

तुमच्याकडे मागणं दोन आहेत. येत्या अधिवेशनाच्या आधी तुमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराला हा एकच प्रश्न विचारा, नावं फोडणाऱ्याला शिक्षेच्या कलमाला तुमचा पाठिंबा आहे का, आणि आलेली उत्तरं नावासकट छापा, जे उत्तर देणार नाहीत त्यांची नावं पण. आणि पुढच्या वेळी कुठल्या अर्जदारावर हल्ल्याची बातमी आली, तर त्याने अर्जात काय विचारलं होतं ते पहिल्याच दिवशी चौकटीत शब्दशः छापा आणि उत्तर मिळेपर्यंत छापत राहा.

कळावे,
आपला,
एक वर्गणीदार, जि. अहिल्यानगर
(कार्यालयात माझं नाव-पत्ता दिलेला आहे, कृपया छापू नये.)