तिकिटं रद्द केली आहेत, आधी रागावू नका

चंदीगड,
डिसेंबरचा पहिला रविवार, रात्र

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. न.

फोनवरच सांगणार होते. दोनदा लावला, दोन्ही वेळा आईनं "स्वेटर दोन घेऊ की तीन" हेच विचारलं आणि माझी जीभच रेटेना. म्हणून लिहिते. गोवा एक्स्प्रेसची तुमची तिकिटं मी काल रद्द केली. अक्काला आधीच सांगितलंय, तिच्यावर चिडू नका. तिनं फक्त "तूच सांग" एवढंच म्हटलं.

बाबा, कारण तुमची छाती. इथं गेल्या आठवड्यात पाऊस झाला. आपल्यासारखा नव्हे, नुसती रात्रभर रिपरिप. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळी पाऊस आणणारे कमी दाबाचे पट्टे, येतात, हिमाचलात बर्फ टाकतात आणि पायथ्याच्या या गावांना भिजवून पुढं जातात. तोवर आभाळ झाकलेलं असतं, म्हणून रात्री ऊब वाटते. खरा त्रास ते गेल्यावर सुरू होतो. वायव्येचा कोरडा वारा सुटतो, ओल्या जमिनीवर धुकं बसतं आणि दुपारी बारा वाजता दिवे लावून गाड्या चालतात. दिवसाचं कमाल तापमान सरासरीच्या साडेचार अंश खाली राहिलं की हवामान खातं त्याला 'थंड दिवस' म्हणतं. असे दिवस जानेवारीत लागोपाठ येऊ शकतात. या धुक्यात गाडी किती तास रखडेल ते सांगता येत नाही. निजामुद्दीनला उतरून पुढं परत चार-पाच तास. फलाटावर तुमची धाप वाढली असती तर मी काय केलं असतं?

आणि एक सांगायचं राहिलंय. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. आईला मी "दुसरा मजला" म्हटलं होतं. तिच्या गुडघ्यांना पोटमाळ्याची शिडी चढवत नाही हे मला ठाऊक होतं, तरी म्हटलं. तुम्ही यावं असं फार वाटत होतं म्हणून.

आई, बर्फ बघायचा राहिला तुझा. मार्च सरता सरता या. बर्फ वितळलेला असेल, पण शिमल्याच्या वरच्या अंगाला कुठं कुठं शिल्लक असतो. तळहातावर ठेवण्यापुरता तरी मिळवून देते.

येळ्ळूरला थंडी नसते असं समजू नका मात्र. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, त्यात आपलं शिवार उघडं. इथून निघालेला वारा अडला नाही तर तीन-चार दिवसांत राजहंसगडाच्या पायथ्याला पोचतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की मग उलटं होतं. पूर्वेकडून ढग येतात, थंडी पळते आणि भुरभुर सुरू. 2024 चं फेंगल चक्रीवादळ आठवतंय ना? पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं आणि उरलंसुरलं कर्नाटकावरूनच अरबी समुद्राकडे सरकलं. तेव्हा बाबा, तुम्ही भाताच्या गंजीपाशी रात्र काढलीत, आणि मला कळलं ते संक्रांतीला.

म्हणून विनंती करते, हवामानापुरतं तरी कन्नड चॅनेल लावा. मराठी बातम्यांचा नकाशा महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या चंदगडात संपतो. कोल्हापूरला कोरडं सांगितलं म्हणून तुम्ही ताडपत्री घडी करून ठेवता आणि पाऊस पडतो येळ्ळुरात. आपला पट्टा 'उत्तर ओळनाडू'त, म्हणजे कर्नाटकाच्या उत्तरेकडच्या आतल्या भागात येतो, तोच ऐका. 'तुरळक ठिकाणी' म्हटलं तर शंभरातल्या पंचवीसपर्यंत केंद्रांवर पाऊस, असा त्याचा अर्थ. म्हणजे आपल्याकडे न पडण्याचीच शक्यता जास्त, पण गंजी झाकायला काही पैसे पडत नाहीत. इशाऱ्याचा पिवळा रंग दिसला की आई देवासमोर बसते. पिवळा म्हणजे फक्त लक्ष ठेवा. नारिंगी झाला तर मला फोन करा. पाच दिवसांपर्यंतचा अंदाज मी मानते, महिन्याभराचा कुणी सांगितला तर ऐकून सोडून द्या.

मसूर उगवून आला असेल. दंवावर वाढणारं पीक ते, त्याला पावसाची गरज नाही. ढगाळ राहिलं तर मावा पडेल, पण फवारणीचा पंप तुम्ही पाठीवर घ्यायचा नाही. गडी लावा, मजुरी मी पाठवते. सूर्य वर आल्याशिवाय शिवारात जायचं नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलंय. गोळी चहाआधी. कान बांधून. आणि ती शेगडी दार लावून खोलीत ठेवायची नाही म्हणजे नाही. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वाससुद्धा येत नाही, माणूस झोपेतच जातं. दोन वाकळी काढा, वाटल्यास तिसरी अक्काकडून आणा.

मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला जायचं तर जा, आई. नाही म्हणत नाही, यल्लम्माच्या आड मी कोण येणार. पण डोंगरावर उघड्यावर मुक्काम नको. दर्शन घेऊन संध्याकाळी माघारी. बंबातलं पाणी कढत घे, पहाटेचं गार पाण्याचं व्रत यंदा देवीला माफ करायला सांग.

इथं मला कमी काही नाही. हीटर आहे, गाजर-मटार स्वस्त आहेत. तू पाठवलेल्या मसुराची आमटी आठवड्यातून दोनदा करते, तुझी चव येत नाही. आज पहाटे धुक्यात बसस्टॉपवर उभी होते आणि खळ्यावरची रात्र आठवली. भाताच्या पिंजरावर घोंगडं अंथरून बाबांनी मला कुशीत घेतलं होतं. मी विचारलं, "पाऊस आला तर?" तुम्ही म्हणालात, "चांदण्या बघ की, मोज." किती मोजल्या आठवत नाही. सकाळी घोंगडं दंवानं भिजलेलं होतं आणि तुमच्या अंगावर नुसता सदरा होता. तेव्हा तुम्हाला थंडी वाजली का, हे मी कधी विचारलंच नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मसूर काढायला मी येते. रजा टाकली आहे, मंजूर व्हायची आहे. तिकिटांचे थोडे पैसे कापले गेले. बाबा, किती ते विचारू नका.

आईला म्हणावं, स्वेटर तीन ठेव. दोन बाबांना, एक तुला.

तुमची,
धाकटी

ता. क. निळी ताडपत्री अक्काच्या वडगावच्या घरी माळ्यावर आहे. मंगळवारच्या आत आणून घ्या. बुधवारपासून पूर्वेकडून ढग दाखवतायत.