चार मांडण्यांबद्दल आभार

प्रिय ताई,

महाविद्यालयाच्या संकेतस्थळाची पाने तुम्ही लावून दिलीत, त्याला आता एक शैक्षणिक वर्ष झाले. हे पत्र तेव्हाच लिहायला हवे होते. पण मांडणी कशी आहे ते उद्घाटनाच्या दिवशी थोडेच कळते? ते कळते प्रवेशाच्या गर्दीत आणि नॅकची (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) कागदपत्रे चढवताना. पत्र सर्वांसमोर लिहितो आहोत, कारण हीच उठाठेव इतर महाविद्यालयांत आणि ग्रंथालयांतही चालू असते. तुमच्या युक्त्या त्यांच्याही कामी याव्यात.

पहिले आभार तुम्ही थीमचे, म्हणजे संकेतस्थळाच्या तयार रूपांचे, नमुने दाखवले नाहीत त्याबद्दल. तुम्ही आधी पानांची यादी मागितलीत आणि प्रत्येक पानापुढे तीन रकाने भरून घेतलेत: हे पान कोण वाचते, किती दिवसांनी बदलते, बदलणार कोण. शंभरावर पाने चार ढिगांत बसली. मुखपृष्ठ, साध्या मजकुराचे पान, विभागाचे पान आणि कागदपत्रांच्या यादीचे पान. म्हणून वर्डप्रेसमध्ये, म्हणजे ज्या प्रणालीवर आमचे संकेतस्थळ चालते तिच्यात, टेम्पलेटही (पानांचे साचेही) चारच. पाचवे मागितले तेव्हा तुम्ही तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलेत. तो रिकामा होता.

मुखपृष्ठावरचा स्लाइडर (आपोआप बदलणारी चित्रे) आणि डावीकडे सरकणारी सूचनांची पट्टी काढताना बरीच कुरकुर झाली. आपोआप सरकणारा मजकूर पाच सेकंदांहून जास्त चालत असेल तर तो थांबवायची सोय हवी, असे डब्ल्यूसीएजीचे, म्हणजे संकेतस्थळ सर्वांना वापरता यावे यासाठीचे आंतरराष्ट्रीय, निकष सांगतात. सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वेही याच निकषांवर आधारलेली आहेत, हे दाखवल्यावर कुरकुर थांबली. पट्टीच्या जागी तुम्ही क्वेरी लूप ब्लॉक हा वर्डप्रेसचा तयार तुकडा लावलात. ‘सूचना’ या वर्गातल्या ताज्या पाच नोंदी तारखेसह आपोआप वर येतात, हाताने काही चिकटवावे लागत नाही. प्राचार्यांचे मनोगत छायाचित्रासह स्वतंत्र पानावर हलवण्याचे धाडसही तुमचेच. ते आम्हाला झाले नसते.

उजवीकडचा रकाना काढण्यामागचे कारण आम्हाला मोबाइल हातात घेतल्यावरच पटले. संगणकावर तो शेजारी दिसतो, पण ७८२ पिक्सेलपेक्षा अरुंद पडद्यावर वर्डप्रेसचे रकाने एकाखाली एक येतात. म्हणजे उजवीकडे ठेवलेली ‘प्रवेश अर्जाची शेवटची तारीख’ सगळ्या मजकुराच्या तळाशी जाते. आमच्याकडे पाहणारे बहुतेक विद्यार्थी मोबाइलवरच असतात. आता महत्त्वाचे ते मजकुराच्या आधी, एकाच रकान्यात.

पण खरे ऋण आहे ते देवनागरीचे. तयार थीम रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून बनतात. शीर्षकातल्या ओळींतले अंतर त्यांत अक्षराच्या आकाराच्या १.१ किंवा १.२ पट असते. ‘शिष्यवृत्ती’ किंवा ‘उत्कृष्ट’सारखा शब्द दोन ओळींच्या शीर्षकात आला की वरच्या ओळीचे उकार-ऋकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत आणि रफारांत अडकतात. तुम्ही शीर्षकांना १.४ आणि मजकुराला १.७ अंतर दिलेत, अक्षर १८ पिक्सेल आणि मजकुराची रुंदी ७२० पिक्सेल ठेवलीत. हे सगळे थीमच्या जेसन फाइलमध्ये (मांडणीच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) एकाच ठिकाणी, पानोपानी नव्हे. मेनूतल्या अक्षरांमधले जादा अंतर शून्यावर आणलेत, कारण त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. फाँट ‘मुक्त’ निवडलात आणि त्याची साधी व ठळक अशी दोन्ही वजने चढवलीत. ठळक वजन चढवले नाही तर ब्राउझर साधे अक्षरच फुगवतो आणि जोडाक्षरांची पोकळी बुजते.

एक लहान गोष्ट तर आमच्या मराठीच्या प्राध्यापकांनीच पहिल्यांदा टिपली. सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी केली की पानाच्या कोडमध्ये तशी खूण जाते. फाँटमध्ये सोय असेल तर त्या खुणेवरून ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाही. दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही कोणत्या भाषेत वाचायचे ते कळते.

पानांचे पत्ते रोमन लिपीत ठेवायचा तुमचा आग्रह तेव्हा खटकला होता. मराठी संस्थेचा पत्ता मराठीत का नको? मग तुम्ही गणित मांडलेत. वर्डप्रेस पत्त्याला २०० चिन्हे देते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, त्यात नऊ जागा खाते. ‘वार्षिक-गुणवत्ता-हमी-अहवाल’ हा पत्ता त्यामुळे ‘अहव’पाशीच कापला जातो. वर तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची ओळभर माळ होते. शीर्षक मराठीत, पत्ता छोटा रोमन: आता हा नियमच आहे.

पत्त्यांबाबत दुसरा इशारा त्याहून मोलाचा. वर्डप्रेसमध्ये नोंदीचा (पोस्टचा) पत्ता बदलला तर जुना दुवा आपोआप नव्याकडे वळतो, ‘पान’ या प्रकाराला मात्र ही सोय नाही. नॅकच्या अहवालात एकदा दिलेला दुवा पुढे मेला तर तपासणाऱ्यासमोर कोरे पान येते. म्हणून पाने लावण्याआधी पत्त्यांची यादी कायम केलीत, आणि जे बदलावेच लागले त्यांच्यासाठी ३०१ वळण, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे नेणारी सोय, लावून दिलेत.

यादीच्या टेम्पलेटमध्ये सगळ्यांत ताजे वर्ष वर, जुनी वर्षे मिटलेल्या डिटेल्स ब्लॉकमध्ये (क्लिक केल्यावर उघडणाऱ्या चौकटीत), आणि प्रत्येक दुव्यात कागदाचे नाव, पीडीएफ हा शब्द व फाइलचा आकार. ‘येथे क्लिक करा’ कुठेही नाही. पाच रकान्यांचा तक्ता तुम्ही मुद्दाम टाळलात, कारण ३२० पिक्सेलच्या रुंदीत तो आडवा सरकवावा लागतो. आणि तो नेहमीचा सापळा: दुरुस्त केलेली पीडीएफ त्याच नावाने पुन्हा चढवली तर वर्डप्रेस जुनी बदलत नाही, नव्या फाइलच्या नावापुढे १ लावून ती वेगळी ठेवते. पानावरचा दुवा चुकीच्या जुन्या फाइलकडेच राहतो. तुमच्यामुळे आता चढवल्यावर दुवा उघडून पाहायची सवय लागली आहे.

रंगांबद्दल थोडक्यात. केशरी पट्टीवर पांढरी अक्षरे आम्हाला फार आवडत होती, पण दोन रंगांतला विरोध (कॉन्ट्रास्ट) जेमतेम २.१ : १ भरला आणि साध्या मजकुराला किमान ४.५ : १ लागतो. पट्टी केशरीच राहिली, अक्षरे गडद तपकिरी झाली. दिसायला थोडी उदास, पण उन्हात मोबाइलवर वाचता येते.

सगळ्यात शहाणपणाचे काम मात्र मांडणीचे नव्हतेच, परवानग्यांचे होते. पान संपादित करता करता टेम्पलेटमध्ये शिरणे फार सोपे असते आणि तिथे एक ओळ पुसली की ती त्या टेम्पलेटच्या सगळ्या पानांवरून जाते. सिंक केलेल्या पॅटर्नचेही, म्हणजे अनेक पानांवर सामाईक असलेल्या तुकड्याचेही, तसेच: एका विभागाचा दूरध्वनी बदलायला जावे आणि तो सर्व विभागांत बदलावा. तुम्ही कार्यालयातल्या सर्वांना ‘एडिटर’ ही भूमिका दिलीत. त्यांना पाने आणि सूचना बदलता येतात, टेम्पलेट बदलण्याचा साइट एडिटर उघडत नाही. विभागाच्या पानावरचा संपर्काचा पॅटर्न सिंक न करता ठेवलात, तळपट्टी तेवढी सामाईक. वर्षभरात कार्यालयातून चारपैकी एकही टेम्पलेट मोडले नाही.

मोडले एकदाच, तेही आमच्याच हातून. अ‍ॅडमिन खात्यातून मुखपृष्ठाच्या टेम्पलेटला हात लावला आणि थीमच्या फाइलमध्ये नंतर केलेली दुरुस्ती दिसेनाशी झाली. डेटाबेसमध्ये जतन झालेला बदल फाइलवर मात करतो, हे तुमच्या टिपणात चौथ्या ओळीवर लिहिलेले होते. ‘रीसेट’ केल्यावर सगळे पूर्ववत झाले. टिपण आता कपाटात नाही, संगणकाशेजारच्या भिंतीवर आहे.

श्री-लिपी या जुन्या फाँट-प्रणालीतल्या परिपत्रकांचे युनिकोडमध्ये रूपांतर चालू आहे. ती संपली की यादीच्या पानावर २०१० पूर्वीची वर्षे तुमच्याच पद्धतीने मिटलेली दिसतील. एकदा येऊन पाहून जा, चहा आमच्याकडे.

आपले,
संकेतस्थळ समिती