कुटार पेटवू नका

महोदय,

यंदाही सोयाबीन निघाले नि आमच्या दर्यापूर भागात धुऱ्याधुऱ्यावर कुटाराचे, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुसकटाचे, ढीग पेटले. हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारट, पिकाला देता येत नाही. तूर-हरभरा उभा राहतो तो जमिनीतल्या ओलीवर. त्या ओलीचे पांघरूणच आपण जाळतो!

3 वर्षांपासून मी 2 एकरांत, सोयाबीन निघाले की तुरीच्या तासांमधल्या रिकाम्या पट्ट्यात चार बोटे जाड कुटार पसरतो. शेजारच्या तुकड्यात दिवाळीनंतर हात जाईल एवढ्या भेगा. इथे कुटार सारले की माती ओलसर. पहिल्या वर्षी फजितीही झाली. हरभऱ्यावर उगवणीआधीच पसरले, निम्मे कोंब खालीच पिवळे पडले. आता रोप वीतभर झाल्यावरच. जीवामृत (200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, गूळ-बेसन 2-2 किलो, मूठभर बांधावरची माती) ओल असतानाच टाकतो; कोरड्यात टाकून मला तरी फरक दिसला नाही.

फळे-भाजीपाल्याच्या प्लास्टिक आच्छादनाला अनुदान मिळते. कुटार पसरायची मजुरी मात्र आमच्याच खिशातून. कृषी खात्याने तिचाही एकदा हिशेब करावा.

— एक कोरडवाहू शेतकरी, ता. दर्यापूर, जि. अमरावती