स्केटबोर्डचा साईज उंचीवरून ठरत नाही : सदोष साईज तक्ता आणि चुकीच्या मापाचे १२ बोर्ड याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन क्रीडासाहित्य विक्री विभाग

विषय : वेबसाइटवरील साईज तक्त्यानुसार मागवलेले १२ स्केटबोर्ड परत घेणे, योग्य मापाचे बोर्ड किंवा पूर्ण पैसे देणे आणि तक्ता दुरुस्त करणे.

महोदय / महोदया,

आमच्या प्रशिक्षण वर्गातील मुलांसाठी तुमच्या वेबसाइटवरून आम्ही १२ जोडलेले स्केटबोर्ड मागवले. पैकी ६ स्ट्रीटसाठी (पायऱ्या-कठड्यांवरचे स्केटिंग), ४ बोल (वाडग्यासारखा खोलगट भाग) आणि रॅम्पसाठी (उतार) आणि २ अगदी लहान मुलांसाठी होते. साईज आमच्या मनाने टाकलेले नाहीत. मुलाचे वय आणि उंची भरल्याशिवाय तुमचे पान पुढे सरकत नाही आणि त्यावरून एस, एम किंवा एल असे एक अक्षर देते. प्रत्येक बोर्डाखाली 'स्ट्रीट, पार्क, क्रूझिंग : सर्व प्रकारांसाठी' हीच एक ओळ आहे. ट्रक (चाके धरणारा धातूचा सांगाडा), चाके, बुश (ट्रकमधली रबरासारखी कडी) यांचे एकही माप कुठे दिलेले नाही. बोर्ड हातात आल्यावर आम्ही ते टेपने मोजले. त्यातून जे दिसले ते खाली लिहीत आहोत. बिलाची प्रत आणि मोजमापाचे फोटो सोबत जोडले आहेत.

आधी स्ट्रीटच्या ६ बोर्डांबद्दल. पानावर माप ३१ × ८ इंच दिले आहे. आठ इंच म्हणजे २०३ मिमी. डेक, म्हणजे उभे राहायची फळी, उलटा ठेवून सर्वांत रुंद जागी टेप धरला की १९७ मिमी भरतात, म्हणजे पावणेआठ इंच. सहाही बोर्ड असेच आहेत. पावणेआठचा डेक मुळात वाईट नसतो. छोट्या पायाच्या मुलाला किकफ्लिपसाठी (उडी मारून बोर्ड हवेत फिरवणे) तो चांगलाच, कारण अरुंद डेक स्वतःभोवती लवकर फिरतो. पण मग आठ म्हणून विकू नये आणि त्याखाली ट्रकही त्याच मापाचे द्यावेत. तुम्ही बसवलेल्या ट्रकचा अ‍ॅक्सल (चाकांचा आस) टोकापासून टोकापर्यंत २१५ मिमी आहे. एवढा अ‍ॅक्सल साडेआठ इंची डेकखाली शोभतो. तुमच्या डेकखाली तो दोन्ही बाजूंना प्रत्येकी ९ मिमी बाहेर आला आहे. परिणाम असा, की ढकलताना मागच्या पायाची टाच चाकाला घासते, चाक क्षणभर अडते आणि बोर्ड मागे राहून मूल पुढे जाते. शिकणारे मूल एकदा असे तोंडावर पडले की पुढचे दोन आठवडे ढकलायलाच घाबरते.

अ‍ॅक्सल आणि डेक यांची रुंदी शक्यतो सारखी हवी. फरक पडलाच तर एकूण दोन सूत, म्हणजे पाव इंचाच्या आत. इथे तो सहा सुतांच्या घरात गेला आहे. ट्रकवर कोरलेला आकडा डेकचे माप नसतो, हेही तुमच्या खरेदी विभागाला कळवावे. उदाहरणार्थ, इंडिपेंडंट कंपनीच्या ट्रकवरचा १३९, १४४ किंवा १४९ हा आकडा हँगरच्या, म्हणजे आस बसतो त्या आडव्या भागाच्या, मिलिमीटरमधल्या रुंदीचा असतो. १३९ आठ इंची डेकला जातो, १४४ सव्वाआठला, १४९ साडेआठला. इतर कंपन्यांचे आकडे याच हिशेबाने चालत नाहीत. म्हणून बोर्डाच्या पानावर अ‍ॅक्सलची पूर्ण लांबीच छापली पाहिजे.

आता बोल-रॅम्पचे ४ बोर्ड. आम्हाला सर्वांत गंभीर वाटते ते यांच्याबाबतच. मुलांची उंची पाच फुटांखाली भरली म्हणून तक्त्याने साडेसात इंची डेक सुचवला आणि तोच आला. ही मुले ५ आणि ६ नंबरचे बूट घालतात आणि ड्रॉप-इन करतात, म्हणजे कडेवरून थेट रॅम्पमध्ये उतरतात. रॅम्पच्या कडेवर टेल (मागचे टोक) दाबून उभे राहायचे आणि पुढचा पाय सगळे वजन घेऊन बोल्टवर आपटायचा, या एका क्षणी पायाखाली रुंदी लागते. साडेसात इंचांवर बुटाची बोटे आणि टाच दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतात, तोल सावरायला कडाच उरत नाही. या मुलांना सव्वाआठ ते साडेआठ इंचांचा डेक हवा होता. मोठ्या माणसांच्या खोल बोलमध्ये पावणेनऊ, नऊ इंचही सर्रास वापरतात. उंचीचा इथे जवळपास संबंध नाही. बूट आणि स्टाईल या दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

त्या बोर्डांना चाके ६० मिमी व्यासाची, ७८ए कडकपणाची, म्हणजे अगदी मऊ (आकडा जितका कमी तितके चाक मऊ). ट्रक बुटके. डेक आणि ट्रक यांच्यामध्ये उंची वाढवणारी जाड पट्टी, म्हणजे रायझर पॅड, नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की व्हीलबाइट ठरलेला : वळताना डेक झुकतो, चाक डेकच्या पोटाला टेकते आणि जागच्या जागी थांबते. फोटो क्रमांक ४ मध्ये डेकच्या खालच्या बाजूला, पुढच्या ट्रकच्या उजव्या चाकाच्या बरोबर वर, अर्धचंद्रासारखा ओरखडा दिसेल. रंग निघून मॅपलचा पहिला थर उघडा पडला आहे आणि कडेला चाकाचे पिवळट कण चिकटले आहेत. पहिल्याच दिवशी सपाट कोब्यावर, साध्या वळणात झालेली ही खूण आहे. हेच रॅम्पवर उतरताना, वेगात, घडले असते तर मनगट मोडले असते.

तुमच्या ग्राहक सेवेने यावर 'किंगपिनचा (ट्रकमधल्या मुख्य बोल्टचा) नट घट्ट करा' असे उत्तर दिले. हा उपाय नाही. नट आवळला की बुश दाबले जातात, ट्रक ताठ होतो आणि बोर्ड वळेनासा होतो. शिवाय या ट्रकमधले बुश आधीच ९५ए च्या आसपासचे, मोठ्या वजनाच्या माणसाचे आहेत. तीस किलोच्या मुलाला ८० ते ८५ए चे मऊ बुश लागतात. ताठ ट्रकवर ते वळण्यासाठी शरीर बाहेर झोकते आणि पडते. म्हणजे एका धोक्याच्या बदल्यात दुसरा धोका झाला. खरा उपाय चाक आणि डेक यांच्यात जागा करण्याचा आहे. रॅम्पसाठी ५४ ते ५६ मिमीची, ९७ ते ९९ए ची चाके आणि मध्यम किंवा उंच ट्रक दिले की रायझरची गरजही सहसा पडत नाही. मऊ ६० मिमीचीच चाके ठेवायची तर दोन सुतांचा रायझर घालावा लागेल आणि बोल्टही बदलावे लागतील. तुम्ही दिलेले बोल्ट एक इंची आहेत, ते रायझर न घालता पुरतात. दोन सुतांच्या रायझरला सव्वा ते दीड इंची बोल्ट हवेत. नट लावल्यावर बोल्टचे आटे नायलॉनच्या कड्यातून बाहेर दिसले पाहिजेत, नाहीतर नट धक्क्यांनी सुटत जातो. रायझर पाठवताना जुनेच बोल्ट वापरायला सांगू नका.

लहान मुलांसाठी आलेले २ बोर्ड २२ × ६ इंचांचे, प्लास्टिकचे आहेत. हे छोटे क्रूझर आहेत. गुळगुळीत रस्त्यावर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला ते छान, पण जो आधीच तोल सांभाळू शकतो त्याला. सहा इंच रुंदी आणि तेवढेच अरुंद ट्रक असलेला बोर्ड जरा वजन सरकले की कलंडतो. दोन्ही पाय नीट ठेवायला लांबी नाही, नोजला (पुढच्या टोकाला) धड उचल नाही, म्हणून त्यावर ऑली (बोर्डासह उडी) शिकवता येत नाही. 'मूल छोटे म्हणून बोर्ड छोटा' हा हिशेब ऐकायला पटतो, पण नवशिक्याला उलट स्थिर बोर्ड लागतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला सात ते सव्वासात इंच रुंद आणि २८-२९ इंच लांब, सात थरांच्या मॅपलचा डेक द्यावा. नऊ-दहाच्या पुढे साडेसात ते पावणेआठ. त्यानंतर पायाच्या वाढीप्रमाणे आणि स्टाईलप्रमाणे.

तुमचा तक्ता कुठून आला हे आम्ही सांगू शकत नाही, पण त्यातला सगळ्यात मोठा 'एल' हा साईज पावणेआठ इंचांवर संपतो. १९९० च्या दशकात साडेसात-पावणेआठचे डेक खरोखरच सगळीकडे होते. आज स्ट्रीट करणाऱ्या प्रौढाचा डेक बहुधा आठ ते साडेआठच्या दरम्यान असतो. बोल-रॅम्पसाठी एमच्या जागी एल घ्या, हा तुमचा दुसरा प्रस्ताव म्हणूनच आम्ही नाकारत आहोत. त्याने रुंदी पाव इंच वाढेल आणि खालचे ट्रक-चाके तशीच राहतील.

'सर्व प्रकारांसाठी' ही ओळ तर काढूनच टाका. टोकियो ऑलिंपिकपासून, म्हणजे २०२१ पासून, ऑलिंपिकमध्येही स्ट्रीट आणि पार्क (बोल-रॅम्पचे स्केटिंग) या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत, कारण दोन्हीत बोर्डाकडून वेगवेगळे काम घेतले जाते. स्ट्रीटला पायऱ्या, कठडे, रेलिंग असतात. तिथे आठ ते सव्वाआठचा डेक, ५० ते ५३ मिमीची, ९९ ते १०१ए ची कडक चाके लागतात, म्हणजे बोर्ड हलका राहतो आणि घसरवावा तेव्हा घसरतो. पार्क आणि बोलचे वर लिहिलेच आहे. क्रूझिंगला साडेआठ-नऊ इंच, ६० मिमीच्या पुढची ७८ ते ८०ए ची मऊ चाके. आपल्याकडच्या सोसायट्यांत पेव्हर ब्लॉक आणि शहाबादी फरशीच्या सांधी असतात. तिथे ५२ मिमीचे कडक चाक खडखडते आणि छोट्या खड्यालाही अडते. ज्याला फक्त फिरायचे आहे त्याला स्ट्रीटचा बोर्ड विकला तर तो चार दिवसांत माळ्यावर जातो. ग्राहकाला पहिला प्रश्न 'बोर्ड कशासाठी हवा आणि कुठे चालवणार' हा विचारा, दुसरा बुटाच्या नंबरचा.

लांबीबद्दलही एक दुरुस्ती. तुमच्या पानावर ३१ इंच हा आकडा ठळक आहे, पण चालवताना जाणवतो तो व्हीलबेस : दोन्ही ट्रकच्या आतल्या बोल्टांच्या भोकांमधले अंतर. १४ इंचांच्या आसपास बोर्ड चटकन वळतो आणि चटकन उडतो, साडेचौदाला वेगात स्थिर राहतो. सारख्याच लांबीच्या दोन डेकमध्ये हा फरक असू शकतो. तो आकडा तुमच्याकडे कुठेच नाही.

जोडणीतला एक दोष बाराही बोर्डांत आहे. चाकांचे नट इतके आवळले आहेत की चाक हाताने फिरवले तर दीड फेऱ्यांत थांबते, आणि बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना हवेत ते पातळ वायसर नाहीत. एका चाकाला २, एका बोर्डाला ८ वायसर लागतात. नट पूर्ण बसवून पाव फेरा मागे घ्यायचा, चाक किंचित आत-बाहेर हलले पाहिजे. वायसर नसतील तर नट थेट बेअरिंगला घासतो. हे काम १३ मिमीच्या पान्याने आम्ही करू शकतो, पण वायसर तुम्ही पाठवायला हवेत.

आमच्या मागण्या अशा. १२ बोर्ड तुमच्या खर्चाने न्यावेत. दुकानाचे बूट आणि कपडे यांच्यासाठीची 'वापरलेला माल परत नाही' ही अट इथे लावू नये : माल वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो नाकारता येत नाही, हे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये स्पष्ट आहे. बदली देणार असाल तर ६ बोर्ड आठ इंची, त्याच मापाच्या अ‍ॅक्सलसह, ५२ मिमी, ९९ए चाकांचे. ४ बोर्ड साडेआठ इंची, मध्यम उंचीच्या ट्रकवर, ५४ मिमी, ९७ए चाकांचे, मऊ बुश सोबत. २ बोर्ड सव्वासात इंची मॅपलचे. बाराही बोर्डांना वायसर बसवलेले असावेत. यातले काही तुमच्याकडे नसेल तर दुसरे काही न पाठवता त्याचे पैसे परत करावेत.

याच ६० मिमीच्या चाकांचे आणि बुटक्या ट्रकचे बोर्ड इतरांनीही घेतले असतील. त्यांना व्हीलबाइटबद्दल लेखी कळवावे आणि रायझर व लांब बोल्ट मोफत पाठवावेत. ही मागणी आम्ही आमच्या पैशांइतकीच महत्त्वाची मानतो. उंचीचा तक्ता नवीन होईपर्यंत पानावरून उतरवावा आणि प्रत्येक बोर्डाखाली डेकची रुंदी, व्हीलबेस, अ‍ॅक्सल, ट्रकची उंची, चाकाचा व्यास व कडकपणा आणि बुशचा कडकपणा हे सात आकडे द्यावेत. तक्ता तयार करताना मापे तपासायला आम्ही तयार आहोत, त्याचा मोबदला नको.

वरील नियमांनुसार या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवू. तोपर्यंत बाराही बोर्ड मूळ खोक्यांत, वापर थांबवून ठेवले आहेत. नेण्यासाठी माणूस पाठवण्याच्या आदल्या दिवशी कळवावे.

आपले,
प्रशिक्षक व पालक प्रतिनिधी
स्केटबोर्डिंग प्रशिक्षण वर्ग