रामबागवाल्या सायकलीच्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

काल काकूंशी फोनवर बोलले, म्हणाल्या ऑपरेशन छान झालं पण डॉक्टरांनी वाकायचं नाही, मोबाईल बघायचा नाही असं सांगितलंय, आणि तुम्ही पुण्याला मुलाच्या गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या पोरांच्या सायकलींचे नुसते ब्रेक ऐकून नावं ठेवून राहिलाय. म्हणून हे नातीनं वाचून दाखवायचं आहे. सगळ्यांसमोर लिहितेय कारण तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "हट्" म्हणून चहा ठेवायला आत जाता, सध्या तसं पटकन उठता येणार नाही, बसा ऐकत. तुमचं नाव नाही लिहिलंय, इंदूरच्या रामबागेतले ओळखतील ते ओळखतील.

तीन वर्षं झाली ना. माझी माउंटन बाईक घेऊन सहा महिने झालेले, दिवाळीचा बोनस आणि आईची ओरड दोन्ही त्यात जमा, आणि उजवा पाय खाली गेला की कट्. परत खाली गेला की कट्. राजेंद्र नगरहून राऊ येईपर्यंत डोकं उठायचं, महूपर्यंत तर सायकल ढकलून द्यावीशी वाटायची. एका दुकानात दाखवली तर म्हणे बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलच्या मधलं बेअरिंग, गेला, बदलला, पैसे दिले, कट् तिथेच. मग म्हणे क्रँक, पॅडलचा दांडा, असेल. मग म्हणे फ्रेमलाच क्रॅक असेल, आणि हे सगळं मला नाही हं, सोबत आलेल्या माझ्या भावाला समजावून सांगत होते, ज्याला सायकलचं पुढचं चाक कोणतं एवढंच कळतं, तेही हँडल बघून.

तुमचा पत्ता आमच्या दूधवाल्या भियानं दिला. रामबागेत एक मराठी काका आहेत, आधी मिलमध्ये फिटर होते, ओट्यावर बसतात, जमलं तर करतात नाहीतर परत पाठवतात. आले तेव्हा ओट्यावर एक जुनी काळी सायकल उलटी टाकलेली, परातीत डिझेलमध्ये छर्रे भिजत घातलेले, आणि तुम्ही माझ्या सायकलला हातसुद्धा लावला नाही. म्हणालात गल्लीच्या टोकापर्यंत बसून जा आणि येताना उभी राहून ये. गेले तर कट् कट्, आले तर एकदम गप्प.

"बसल्यावरच बोलते ना बेटा? मग खाली कशाला शोधून राहिलीस."

सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, बाहेर काढला तर आत माळव्याची धूळ, अगदी चक्कीवरच्या पिठासारखी, आणि ग्रीसचा पत्ता नाही. उजवा पाय जोर लावतो तेव्हा अंग सीटवर त्या बाजूला कलतं, पोस्ट आत केसभर हलतो, म्हणून आवाज बरोबर पॅडलच्या तालात येतो आणि सगळे पॅडलकडेच बघत बसतात. हे तुम्ही सांगितलंत, पण काढायचं, पुसायचं, ग्रीसचं बोट फिरवायचं, परत उंची जुळवून आवळायचं हे सगळं माझ्याकडून करून घेतलंत. मी म्हटलं काका तुम्हीच करा ना, माझं काहीतरी चुकेल. तर म्हणालात, माझ्यासमोर चूक ना मग, घरी जाऊन कशाला चुकतेस. आणि घेतले किती, वीस रुपये. ग्रीसचे. आधीच्या दुकानात किती दिले होते ते मी तुम्हाला आजपर्यंत सांगितलं नाहीये आणि इथेही सांगणार नाही, आई पण वाचेल.

मग दर रविवारी यायलाच लागले. माझ्या सायकलला काही झालेलं नसलं तरी. (काकूंच्या पोह्यांसाठी यायचे असं माझा भाऊ म्हणतो, ते पूर्ण खोटं नाही, त्यावर जिरावन मसाला काकू ज्या हातानं टाकतात तो हात छप्पन दुकानवर कोणाचा नाही.)

ते एकोणतीसचं आठवतंय? तुम्ही विचारलंत हे २९ काय असतं, मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं काका सगळ्यात मोठं चाक, खड्ड्यावरून आरामात जातं. तुम्ही काही बोलला नाहीत, चष्मा वर केलात, त्या काळ्या सायकलच्या टायरच्या बाजूला लिहिलेलं वाचायला लावलंत, २८ इंची आणि पुढे ६३५, म्हणजे रिमचा व्यास मिलीमीटरमध्ये. मग माझ्या टायरवरचं वाचायला लावलंत, ६२२. म्हणजे माझी एकोणतीस रिमला तुमच्या अठ्ठावीसपेक्षा १३ मिलीमीटरनं लहान! टायर जाड म्हणून बाहेरून मोठी दिसते एवढंच. दुधाचे कॅन बांधून अख्खं इंदूर ज्या चाकावर फिरलं ते माझ्या चाकापेक्षा मोठं निघालं आणि तुम्ही आठवडाभर येईल त्याला ते सांगत होतात.

आणि डावं पॅडल. किती वेळ मला पान्यावर उभं राहून जोर लावू दिलात हो? अख्ख्या गल्लीनं बघितलं. चहा संपवून मग सांगितलंत की डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, चालवताना ते आपोआप सुटू नये म्हणून, मी सोडवायच्या ऐवजी आवळून राहिले होते. राग आला होता मला. पण आता ते मरेपर्यंत विसरणार नाही हेही खरं.

पण मला खरे आभार मानायचेत ते तिंछाच्या त्या रविवारचे.

जुलै संपत आलेला, आम्ही तिघं सिमरोलच्या पुढे तिंछाच्या बाजूला, रस्ता सोडून सोयाबीनच्या कडेच्या वाटेनं आत गेलेलो. रात्री पाऊस झालेला. आपली काळी माती कशी असते ते इथल्यांना सांगायला नको, उन्हाळ्यात वीटभर भेगा आणि पावसात नुसता डिंक, दहा पावलात टायर दुप्पट जाड होतो, फ्रेममध्ये गच्च भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. अक्कल असती तर उतरून काडीनं काढली असती. मी पॅडल दाबलं. मातीसोबत गवत चेनमध्ये गेलं, मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, फरफटत वर आला, चाकाच्या ताड्यांमध्ये शिरला आणि खाड्. डिरेलरला फ्रेमशी धरणारा हँगर तुटला, डिरेलर गिअरच्या वायरीला लटकतोय मेलेल्या उंदरासारखा.

सोबतचे दोघं म्हणाले ढकलत रोडपर्यंत जाऊ, कोणाची पिकअप मिळेल. मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही तोपर्यंत आयुष्यात एकदाही हँगर बघितला नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं! फोनवर फक्त एवढं विचारलंत की चेन साबूत आहे का, मागचं चाक मोकळं फिरतं का, आणि ते चेन तोडायचं मशीन पिशवीत आहे का जे घे घे म्हणून तुम्ही माझ्या पाठी लागला होतात. होतं. मग म्हणालात तो लटकलेला काढून पिशवीत टाक, गिअर विसर, आता तुझी सायकल दूधवाल्याची. पुढच्या गरारीच्या बरोबर समोर मागची जी दातरी येते ती धर, चेन तिरपी गेली तर उतरणार. चेन आधी नुसती गुंडाळून बघ, कुठे तोडायची तिथे बोट ठेव, मग दोनदा मोज. तोडलेली कडी परत चिकटत नाही.

मी दोनदा नाही चारदा मोजली. हात चिखलात, पाऊस परत सुरू, फोन मैत्रिणीनं छत्रीसारखी ओढणी धरून माझ्या कानाला लावलेला, आणि तुम्ही तिकडून काही घाई नाही अशा आवाजात, पिन पूर्ण बाहेर काढू नको, थोडी अडकलेली ठेव, नाहीतर परत घालताना रडशील. जोडली. पहिल्या दोन चढांना चेन उतरली कारण किंचित सैल राहिली होती, तिथे उतरून चालले. पण वीस-पंचवीस किलोमीटर त्या एका गिअरवर मी माझ्या पायांनी घरी आले काका. बायपासवर गाडीतली माणसं बघत होती, एवढा चिखल होता अंगावर, मी हसत होते एकटीच.

दुसऱ्या दिवशी तुकडे घेऊन आले. तुम्ही तो हँगर हातात घेऊन उलटासुलटा केलात, नखानं दाबून बघितलात, म्हणालात ॲल्युमिनियम नरम ठेवलंय मुद्दाम. मिलच्या मशीनमध्ये पण एक पिन असते, लोड जास्त आला की ती तुटते आणि गिअर वाचतो, आम्ही खिशात चार-चार घेऊन फिरायचो. "शाबास, तुटली ते बरं झालं, नाहीतर फ्रेम गेली असती." मी कालपासून रडवेली होते आणि तुम्ही त्या तुटक्या तुकड्याचं कौतुक करून राहिलेले. आता माझ्या पण पिशवीत एक जास्तीचा असतो.

आणि नवीन आल्यावर तो सरळ बसलाय की नाही बघायची जी सोय तुम्ही काढलीत! त्याचं वेगळं हत्यार मिळतं, महाग असतं, मी विकत घ्यायला निघाले होते. तुम्ही म्हणालात थांब. दुसऱ्या एका गिअरवाल्या सायकलचं मागचं चाक काढलंत, त्याचा ॲक्सल हँगरच्या आट्यांमध्ये फिरवून बघितला, बरोबर बसला, आणि आता दोन चाकं शेजारी शेजारी. चारही बाजूला दोन रिममधलं अंतर मोजायचं, सगळीकडे सारखं आलं तर हँगर सरळ. खालच्या बाजूला थोडं जास्त येत होतं, ते चाकच हळूच दाबून सरळ केलंत. नंतर मला कळलं की ही युक्ती बाहेरही काहीजण वापरतात, पण तुम्हाला ती कोणी सांगितली नव्हती, तुम्ही तिथे ओट्यावर बसून काढलीत.

रिंगचा आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला शिकवलात ते तीन रविवार मात्र मी शत्रूसारखे आठवते. एक फेकलेली रिंग दिलीत, खडू धरून फिरव, जिथे लागेल तिथे समोरच्या बाजूची ताडी पाव फेरा आवळ, या बाजूची पाव फेरा ढिली कर, पाव म्हणजे पावच. मी अर्धा फेरा द्यायचे आणि चाक पापड व्हायचं. मग तुम्ही एकेक ताडी बोटानं छेडून आवाज ऐकायला लावलात, अमीर खाँसाहेबांच्या गावात राहतेस आणि सूर कळत नाही? नाही कळत काका. पण ढिली ताडी आता कळते.

एक गोष्ट इथे कबूल करते, तुम्हाला अर्धीच सांगितली होती. डिस्क ब्रेक किंचाळतात म्हणून मीच रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, चेनचा स्प्रे मारला होता, धुताना उडाला वगैरे काही नाही. राऊच्या उतारावर ब्रेक दाबला तर सायकल आपली निवांत चाललीये, डिव्हायडरच्या झाडीत जाऊन थांबले. रोटर स्पिरिटनं पुसून वाचला, पॅड फेकावे लागले. तुम्ही तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून एवढंच म्हणालात, ब्रेकला तेल पाजलं की तो झोपतो. कळलं होतं ना तुम्हाला?

आणि हे पण लिहायचंच होतं, की पुढचा फोर्क तुम्ही कधी उघडला नाहीत. म्हणालात हवेचा आहे, आत काय आहे मला माहीत नाही, शिकलेल्याकडे ने. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये कोणतं तेल आहे हे लिव्हरवर वाचल्याशिवाय हात लावला नाहीत, मिनरल तेलवाल्यात डॉट नावाचं दुसरं ब्रेकचं तेल घातलं की रबर खराब होतं हे मी सांगितलं तर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंत, त्या वयात. मला ज्या दुकानात फ्रेमला क्रॅक सांगितला होता तिथे "मला माहीत नाही" एवढे तीन शब्द मिळाले असते तरी माझे बरेच पैसे वाचले असते.

इथलं सांगायचं तर तुमचा ओटा बंद आहे म्हणून माणसं माझ्याकडे येऊन राहिलीत, हसू नका. परवा कॉलनीतला एक चौथीतला पोरगा डावं पॅडल घेऊन आला, त्याला पाना दिला आणि मी चहा प्यायला बसले. पूर्ण कप नाही संपवला, अर्ध्यातच सांगितलं, तुमच्याएवढं दगड काळीज नाही माझं.

जानापावच्या डोंगरावर पण जाऊन आलो, वरपर्यंत, शेवटचा चढ उतरूनच केला. आल्यावर चेन मोजली. तुम्ही सांगितलेलं तसंच, पट्टीचं टोक झिजलेलं म्हणून एकपासून तेरापर्यंत, बारा इंचात अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढली की चेन बदल, पूर्ण सूत वाढली की मागच्या दातऱ्या पण गेल्या समज. बरोबर अर्धा सूत भरली. नवीन मागवलीये, तुम्ही आल्यावर बसवू, घाई नाही.

तर ती दोन फुटी स्टीलची पट्टी माझ्याकडे आहे. हरवली नाहीये, काकूंना फोनवरून कपाटं शोधायला लावू नका, शेजारच्यांवर पण संशय घेऊ नका, मीच विचारल्याशिवाय नेली होती. दसऱ्याच्या आधी येताय ना? गाडी कोणती ते नातीला कळवायला सांगा, मी स्टेशनवर येते, स्कूटर घेऊन.

तुमची,
कट्कट्वाली